भीमथडीच्या तट्टापासून फटफटीपर्यंत

मराठ्यांच्या फौजेंत घोडेस्वारांचे दोन वर्ग असत, हें आमच्या वाचकांस शाळेंतील इतिहासापासून ठाऊक असेलच. ज्यास घोडा सरकारी पागेंतून मिळे तो बारगीर. जो घरचा घोडा व घरचें हत्यार घेऊन चाकरीस हजर होई तो शिलेदार. शिवाजी महाराजांचा भरंवसा शिलेदारांपेक्षां पागेवर अधिक होता; पुढें राज्य पसरलें तशी शिलेदारी वाढली. शिलेदार आपल्या जनावराचा धनी असल्यामुळें त्याचा मान मोठा. पण त्याची विवंचनाही त्याच मापाची, कारण घोडा पडला तर तोटा त्याच्या घरचा. मोहिमेवर निघण्यापूर्वीं नालबंदी म्हणून कांहीं रक्कम आगाऊ हातीं पडे, तेवढाच काय तो आधार. साधारण कुटुंबाच्या वाहनाचा आपल्याकडील इतिहास सांगावयास बसलें असतां आम्हांस हे दोन जुने शब्द फार उपयोगाचे वाटतात. कोणत्या पिढीनें दुसऱ्याच्या घोड्यावर प्रवास केला, कोणत्या पिढीस स्वतःचा घोडा बाळगणें भाग पडलें, आणि तो घोडा परवडण्याजोगा कसा झाला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर उभें राहून हा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. आम्ही तो पुणें-नाशिक रस्त्यावरील पेठ ह्या गांवाकडून पाहणार आहों. पुण्याहून सुमारें पन्नास किलोमीटर गेल्यावर, राजगुरुनगर मागें टाकून खेडचा घाट चढला म्हणजे आंबेगांव तालुक्यांतील हें गांव लागतें. पुढें मंचर, मग नारायणगांव, आणि तेथून डावीकडे वळलें कीं जुन्नर. गांवाचें नांवच पेठ. तेव्हां देवघेवीशीं ह्या जागेचें नातें जुनें असावें. भोंवतालचा सातगांव पठाराचा मुलूख बटाट्यासाठीं प्रसिद्ध आहे. माल शेतांत कितीही पिकला तरी तो मंचरास, पुण्यास अथवा वाशीस पोहोंचेपर्यंत त्याचा पैसा होत नाहीं. लोहमार्ग ह्या तालुक्यांतून अद्याप गेलेला नाहीं. पुणें-नाशिक रेल्वेच्या योजना अनेकदां निघाल्या, पण रूळ पडले नाहींत. जें आलें-गेलें तें सारें रस्त्यानें. अशा ठिकाणच्या कुटुंबास वाहनाची निवड ही हौसेची बाब क्वचितच असते.

ह्या मुलुखांतील वाहतूक मात्र फार प्राचीन. कल्याण बंदरावरून नाणेघाट चढून जुन्नरास व तेथून पैठणाकडे जाणारी वाट सातवाहनांच्या काळीं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं, गजबजलेली होती. घाटांतील लेण्याच्या शिलालेखांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणें ह्यांची यादी आहे. आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही उभा आहे. घोडा ही त्या यादींत राजानें द्यावयाची वस्तु आहे. सामान्य माणसास स्वतःचे पाय, आणि मालास लमाणांचे बैल. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे हीच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देशावरची मालगाडी होती, कारण घाटांतून चाक चढतच नसे. बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांस खुला झाला तो १८३० सालीं.

सपाटीवर तरी गाड्या कोठें होत्या? होत्या त्या भरीव चाकांच्या, अवजड, गांवांत एखाददुसरी. ती हलवावयास बैलांच्या जोड्यांवर जोड्या लागत. १८३६ च्या सुमारास, इंदापूर भागांत जमिनीची नवी पाहणी चालू असतां, लेफ्टनंट गेसफर्ड ह्या अधिकाऱ्यानें दोनच बैलांनीं ओढण्याजोगी हलकी गाडी शेतकऱ्यांत पसरविण्याचा उद्योग केला व त्यासाठीं सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णीस कारखाना चालविला. रेल्वेच्या इतिहासापुढें ही गोष्ट अगदींच लहान वाटते, व म्हणूनच ती कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें आपल्या प्रांतांतील परवडणाऱ्या वाहनाचा इतिहास येथून सुरू होतो. गाडी हलकी झाली म्हणून दोन बैलांच्या धन्यास ती ठेवतां आली. आणि ती मोडली तर गांवचा सुतार व गांवचा लोहार मिळून ती उभी करीत. विकत घेण्याची किंमत आणि बाळगण्याची किंमत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व गरिबाचा निकाल नेहमीं दुसरीवर लागतो.

भीमथडीच्या तट्टाची कीर्तिही ह्याच गुणावर झालेली होती. खेडचा घाट उतरलें कीं भीमा आहेच. तिच्या व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत वाढलेलें हें जनावर अंगानें लहान, दिसावयास सुमार, परंतु थोड्या वैरणीवर राहणारें व खडकाळ वाटेस न अडणारें. अरबी घोडा सरदाराचा. शिलेदाराच्या दावणीस तट्टू. त्या जातीची स्वतंत्र नोंद अलीकडे सरकारदरबारींही झाली आहे. मोटारींच्या युगांत आपल्या लोकांनीं जी जी गाडी मनापासून आपली मानली तिच्यांत ह्या तट्टाचे गुण कोठें ना कोठें सांपडतात.

ह्यानंतरचें पहिलें तट्टू सायकल. विलायती सायकली प्रथम साहेबांच्या व श्रीमंतांच्या. पुढें पुण्याच्या पेठांतून त्या कारकुनांच्या, शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या झाल्या, इतक्या कीं सायकलींचें शहर म्हणूनच पुण्याची ओळख झाली. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला, रात्रीं दिवा, आणि डबलसीट बसण्यास मनाई, हे त्या काळचे वाहनविषयक कायदे. पुणेकर तरुणाची पोलिसाशीं पहिली ओळख बहुधा ह्या तिहींपैकीं एकामुळें होई. नवी सायकल ही कित्येक महिन्यांच्या पगाराची वस्तु, म्हणून जुनीच घ्यावयाची, नाहींपेक्षां तासाच्या भाड्यानें आणावयाची. स्वातंत्र्यानंतर सोनिपतची ॲटलास (१९५१), लुधियान्याची हीरो (१९५६) अशा देशी सायकली निघाल्या तेव्हां ती खेड्यांत शिरली. आंबेगांवासारख्या चढउताराच्या तालुक्यांत सायकल चालविणें म्हणजे निम्मी वाट ती हातांत धरून चालणें. तरीही दुधाच्या किटल्या दोहों बाजूंस अडकवून निघालेला गवळी हें दृश्य ह्या रस्त्यावर अनेक वर्षें नित्याचें होतें.

बारगिरीची व्यवस्था मात्र ह्याच सुमारास आली. त्यापूर्वीं रस्त्यावर खासगी मोटारी धांवत, भरल्याशिवाय सुटत नसत, आणि दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां मागें कोळशाच्या गॅसची भट्टी लावून त्या घाट चढत. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर सरकारी राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली आणि एस.टी. हें नांव मराठी भाषेंत रुजलें. सरकारच्या पागेंतील हा घोडा कोणासही तिकिटाच्या मोलानें मिळूं लागला. खेड्यांतील मुलगा मंचरच्या अगर राजगुरुनगरच्या हायस्कुलांत जाऊं शकला, बाळंतिणीस दवाखाना गांठतां आला, बाजारहाट एका दिवसांत होऊं लागली. त्या पिढींतील पुष्कळ सुशिक्षित मंडळी सायकलीनें नव्हे तर एस.टी.च्या पासानें शिकली, हें आम्हांस येथें मुद्दाम नमूद करावेंसें वाटतें. कारण पुढें जें घडलें त्यांत हें ऋण विसरलें गेलें.

आतां मोटारीच्या शिलेदारीकडे वळूं. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटारसायकली व जीप गाड्या विक्रीस निघाल्या, आणि आमच्याकडील अनेकांनीं जी पहिली फटफटी पाहिली ती ह्या वाटेनें आलेली होती. म्हणजे आपल्याकडे मोटारसायकल प्रथमपासूनच जुनी म्हणून आली! नवें वाहन देशांत तयार करण्याचे प्रयत्न त्याच सुमाराचे. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट निघाली, तीच १९७० नंतर पद्मिनी झाली. मद्रासेस १९५५ पासून बुलेट, म्हैसुरास १९६० नंतर जावा व तिचीच पुढची येझदी, मुंबईस लँब्रेटा. बजाज घराण्यानें १९४८ पासून इटलीची व्हेस्पा आयात केली, १९५९ सालीं ती येथें बनविण्याचा परवाना मिळविला, आणि पुण्याजवळ आकुर्डीस कारखाना उभा केला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशीं असलेला करार १९७१ सालीं संपला. दुसऱ्याच वर्षीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन चेतक स्कूटर बाहेर पडली. नांव ठेवणाऱ्यास शिलेदारीची कल्पना होती असें वाटतें.

ह्या चेतकाची कथा आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस सांगणें नको. कारखान्यानें वर्षास किती गाड्या काढाव्या हें सरकारी परवान्यानें ठरे. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यानंतर मोठ्या कारखान्यास उत्पादन वाढविणें आणखी कठीण झालें. आणि विक्रीची किंमतही सरकारच्या नजरेखालीं. परिणाम असा झाला कीं पैसे भरून नांव नोंदवावें आणि वाट पाहत बसावें. ही वाट दहा-दहा वर्षांची असे. मुलाच्या जन्माच्या वेळीं नोंदविलेली स्कूटर त्याच्या मुंजीस यावी, असा तो प्रकार! परदेशांतील आप्तानें परकी चलनांत पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. नोंदणीचा क्रमांक हीच एक मालमत्ता होऊन बसली आणि लग्नाच्या बैठकींत स्कूटरची मागणी निर्लज्जपणें होऊं लागली. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी कीं, चार वर्षें वापरलेली स्कूटर कारखान्यांतील नव्या स्कूटरहून महाग विकली जाई. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत जुनी वस्तु स्वस्त व नवी महाग असें लिहिलेलें असतें; आपल्या मध्यम वर्गानें एक संपूर्ण पिढी ह्याच्या उलट नियमाखालीं काढली. निवड असा शब्द त्या काळच्या खरेदीस लावणें हेंच मुळीं चुकीचें. गिऱ्हाइकानें गाडी निवडावी ह्याऐवजीं यादींतील क्रमांकानें गिऱ्हाईक निवडावें, अशी ती रीत होती.

ह्याच परवान्यांच्या राज्यांत एक मराठी प्रयत्न विरून गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ह्यांनीं १९४९ च्या सुमारास सामान्य माणसास परवडेल अशी लहान मोटार बनविण्याचा ध्यास घेतला आणि पुढील पंचवीस वर्षांत एकामागून एक नमुने तयार केले. मीरा हें त्या गाडीचें नांव. किंमत सुमारें बारा हजार रुपये ठेवावी असा त्यांचा हिशेब होता. गाडी रस्त्यावर चालली, प्रदर्शनांत लोकांनीं पाहिली, पण बाजारांत कधींच आली नाहीं. ती आली असती तर टिकली असती कीं नाहीं हा तर्क आम्ही करीत नाहीं. परंतु ती वापरून पाहण्याची संधि गिऱ्हाइकास मिळाली नाहीं, हें खरें.

पेठेच्या शेतकऱ्यास चेतकाचें अप्रूप शहरवाल्याइतकें नव्हतें. स्कूटरचें चाक लहान. डांबरी सडक सोडून पावसांत बांधाच्या वाटेस लागलें कीं तें चिखलांत रुतणार. सकाळीं किक मारून दमल्यावर गाडी एका अंगावर कलती करून पुन्हां किक मारण्याचा तो सुप्रसिद्ध विधि वाड्याच्या दारांत शोभतो, गोठ्याच्या दारांत नव्हे. खेड्यानें निवडली ती राजदूत. पोलंडच्या नमुन्यावर फरिदाबादेस बनणारी, मोठ्या चाकांची, धिप्पाड, दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन घेऊन निमूट चालणारी ही गाडी दूधवाल्यांची म्हणूनच ओळखली गेली. पेट्रोलांत तेल मिसळावयाचें, प्लग काढून घांसावयाचा, साखळी ताणावयाची, एवढें ज्ञान असलें कीं निम्मी दुरुस्ती धन्यालाच येई. उरलेली फाट्यावरचा मिस्त्री झाडाखालीं पोतें अंथरून करी. गेसफर्डच्या बैलगाडीस गांवचा सुतार जसा, तसा राजदूतास हा मिस्त्री.

दुसरें लोकप्रिय वाहन तर आपल्या शेजारचेंच. फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक कंपनीनें १९७२ सालीं लूना काढली. अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ती बने. पन्नास सीसीचें इवलेंसें इंजिन आणि सायकलीसारखे पायटे. पेट्रोल संपलें तर पाय मारीत घरीं यावें. शहरांतील लोक तिला हंसले. पण शिक्षिका, परिचारिका, टपालवाला, विम्याचा प्रतिनिधि, ह्यांस तिनें पायांवरून चाकांवर नेलें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत बजाजच्या एम-५० व एम-८० आल्या आणि भाजीच्या पाट्या, खताचीं पोतीं व मागें एक माणूस असा सारा संसार त्यांवर लादला गेला. बायकांच्या बाबतींत खरा पालट १९८४ च्या कायनेटिक होंडानें सुरू केला: गिअर नाहीं, किक मारण्याची सक्ति नाहीं, बटन दाबलें कीं गाडी सुरू. नंतरची स्कूटी व २००१ ची ॲक्टिव्हा ह्या त्याच वाटेनें गेल्या. एखाद्या सुनेस माहेरीं अगर दवाखान्यांत जावयास घरांतील पुरुषाची सवड पाहावी लागत नाहीं, ही गोष्ट वाहनाच्या जाहिरातींत कधीं लिहिलेली नसते. पण आमच्या मतें ह्या सबंध इतिहासांतील सर्वांत मोठी कमाई तीच.

१९८५ सालीं हीरो होंडाची सीडी १०० आली आणि राजदूताचें राज्य संपत चाललें. जपानी कंपन्यांशीं करार होऊन त्या दोन-तीन वर्षांत यामाहा, सुझुकी, कावासाकी ह्या साऱ्याच आल्या. त्यांत तरुणांचें मन यामाहाच्या आरएक्स १०० वर बसलें, परंतु घरच्या कर्त्याचें मत सीडी १०० कडे पडलें. कारण एकच. तिचें इंजिन चार फेऱ्यांचें, त्यास पेट्रोलांत तेल मिसळावें लागत नसे, आणि एका लिटरांत ती जें अंतर तोडी तें पूर्वीच्या गाड्यांस स्वप्नवत् होतें. थोड्या वैरणीवर चालणारें तट्टू पुन्हां दावणीस आलें! १९९४ ची स्प्लेंडर ही तिचीच पुढची पिढी, आणि आज तीस वर्षांनंतरही पेठेच्या फाट्यावर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या तर तिची संख्या डोळ्यांत भरते. वाट पाहण्याच्या याद्या ह्याच काळांत विरल्या. चेतकही पुढें बंद झाली. २०२० सालीं तें नांव विजेच्या गाडीवर पुन्हां चढलें, तें निराळें.

चार चाकांची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल, कारण पेठेसारख्या गांवांत ती बहुतांशीं जुन्या गाड्यांचीच गोष्ट आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ची पहिली किल्ली दिल्लीस एका गिऱ्हाइकाच्या हातीं देण्यांत आली. किंमत सुमारें पन्नास हजार. शेतकऱ्याच्या दारांत ती आली ती दहा-पंधरा वर्षांनीं, शहरांतील डॉक्टरानें अगर वकिलानें विकल्यावर. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं. २०११ च्या जनगणनेंत देशांतील शंभर घरांपैकीं साधारण पांच घरांत मोटार होती, एकवीस घरांत दुचाकी होती आणि पंचेचाळीस घरांत सायकल. ह्या आंकड्यांच्या पार्श्वभूमीवर २००९ सालच्या टाटांच्या नॅनोकडे पाहावें. पावसांत एका स्कूटरवर चौघांचें कुटुंब जातांना पाहून रतन टाटांच्या मनांत ही कल्पना आली, असें त्यांनींच सांगितलें होतें. लाख रुपयांत नवी मोटार हें वचन होतें, आणि हेतु निःसंशय उदात्त. तरी २०१८ च्या सुमारास ती बंद पडली. ह्याचीं कारणें जाणत्यांनीं अनेक दिलीं आहेत. आमचें आपलें एक मत आहे. नॅनोची स्पर्धा दुसऱ्या नव्या मोटारीशीं नव्हती, तर तितक्याच पैशांत मिळणाऱ्या जुन्या मारुतीशीं होती. जुन्या मारुतीचे भाग प्रत्येक तालुक्याच्या गांवीं मिळत, तिचा मिस्त्री ओळखीचा, आणि पुन्हां विकावयाची वेळ आली तर गिऱ्हाईक तयार. शिवाय स्वस्त म्हणून जगभर गाजलेली वस्तु दारापुढें उभी करण्यास माणूस कचरतो. जुनी वस्तु बाळगण्यांत काटकसर दिसते, स्वस्त वस्तु बाळगण्यांत गरिबी, मनुष्यस्वभावच तो.

जुनी गाडी पारखणें ही मात्र घोडा पारखण्याइतकीच जुनी विद्या आहे. घोड्याचे दांत पाहून वय ओळखीत. गाडीचें वय मीटरवर पाहूं नये, कारण तें मागें फिरवितां येतें. ब्रेकच्या पायट्याचें रबर, गिअरच्या दांड्याची झिलई आणि बैठकीचा दबलेला कोपरा हे साक्षीदार अधिक खरे. थंड इंजिन आपल्या हातानें सुरू करावें. विक्रेत्यानें आधींच तापवून ठेविलें असेल तर कारण विचारावें. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. रंग एका दारास जरा निराळा वाटला तर त्या दाराचा इतिहास असतो. हें सारें पाहणारे पुष्कळ आहेत. कागद पाहणारे थोडे. ह्या भागांतील गाड्यांची नोंद पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयांत, एमएच १४ ह्या अक्षरांखालीं होते. नांव बदलण्यासाठीं नमुना २९ व ३०, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दींतून आलेल्या गाडीस नमुना २८ चा ना-हरकत दाखला, कर्ज फिटलें असल्यास बोजा उतरविण्याचा नमुना ३५. खासगी गाडीची नोंद पंधरा वर्षांची, पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं नवी. खेड्यांत मात्र मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या कीं व्यवहार पुरा झाला असें समजतात, आणि गाडी तीन-चार हात फिरली तरी पुस्तकावर नांव पहिल्याचेंच राहतें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशाच प्रकरणांत निर्णय दिला कीं, सरकारी नोंदींत ज्याचें नांव तोच कायद्यानें मालक, व अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं विकलेल्या फटफटीनें कोणा अनोळखी माणसाच्या हातून अपघात झाला, तर समन्स पेठेच्या शेतकऱ्याच्या घरीं यावयाचें. घोडा विकल्यावरही त्याच्या लाथा धन्यासच बसाव्या, असा हा प्रकार आहे. आणि तो टाळण्यास लागतात दोन कागद व एक खेप.

आजच्या शिलेदारीचें रूप पाहावयाचें तर सकाळीं चाकणच्या दिशेनें जाणारा रस्ता पाहावा. बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना १९९९ सालीं तेथें आला, फोक्सवॅगन २००९ सालीं, आणखी कित्येक आले. आंबेगांव-खेडचे तरुण हप्त्यावर अगर जुनी घेतलेल्या मोटारसायकलीवर घाट उतरून, मोटारी व मोटारसायकली बनविण्याच्या कामावर जातात. कंत्राटी कामगारास कारखान्याची बस मिळेलच असें नाहीं. शहरांत घरपोंच जेवण व माल पोहोंचविणारी जी नवी चाकरी निघाली आहे तिच्यांत तर घोडा, वैरण, नाल, सर्व चाकराचें. पतसंस्थेचा हप्ता ही आजची नालबंदी, फरक इतकाच कीं ती आगाऊ मिळत नाहीं, मागाहून द्यावी लागते. आणि जनावर पडलें तर? २०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं शंभरांतील चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. दुचाकी परवडते असें आपण म्हणतों तेव्हां हा आंकडा किंमतींत धरलेला नसतो. शिरस्त्राण न घालतां, तिघांस बसवून, घाट उतरणारी गाडी पाहिली कीं लिटरामागें वांचलेल्या पैशांचा हिशेब आम्हांस फार क्षुद्र वाटूं लागतो.

हौस ह्या मुलुखांत अजून बैलांची आहे, हेंही सांगितलें पाहिजे. जुन्नर, आंबेगांव, खेडच्या घाटांत बैलगाडे धांवतात आणि पुढें घोडी पळते. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हां मुभा दिली, व मे २०२३ मध्यें राज्याचा कायदा वैध ठरविला. बंदी उठल्यापासून बक्षिसांच्या यादींत मोटारसायकली हटकून असतात, कोठें ट्रॅक्टर व मोटारीही. जिंकणाऱ्या बैलांची वर्षाची पेंड-वैरण त्या मोटारसायकलीच्या वर्षाच्या पेट्रोलाहून किती पट महाग पडते, हें गाडामालकास पुरतें ठाऊक असतें व तो त्याचा हिशेब करीत नाहीं.

बारगिरीचें काय झालें? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला. ज्यांच्या घरीं फटफटी होती त्यांचें कसेंबसें निभावलें. ज्यांच्या घरीं नव्हती त्यांनीं वडाप जीपवाल्यास तो मागेल तें भाडें दिलें, किंवा मुलीस शाळेंतून घरीं बसविलें. त्या सहा महिन्यांत कित्येकांनीं जुनी दुचाकी घेतली. शाळेच्या वेळची गाडी आज येईल कीं नाहीं, ह्या शंकेपोटीं घेतलेली फटफटी ही हौसेची खरेदी नव्हे. सरकारच्या पागेंतील घोडा मिळेनासा झाला म्हणून भरलेला तो एक करच आहे, आणि तो कर सर्वांत जड पडतो तो ज्याच्या घरीं एकच कमावता आहे त्यास. त्यानंतर सरकारनें ७५ वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत केला व १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायकांस निम्मे भाडें केलें. ह्यामुळें आज पठारावरील एखाद्या घरांत मोठी मजेची वांटणी झालेली आढळते. मुलगा मोटारसायकलीवर चाकणास जातो. सून स्कूटीवर मंचरास. सासूबाई निम्म्या भाड्यांत लेकीकडे. आणि ऐंशी वर्षांचे आजोबा, ज्यांनीं तरुणपणीं सायकलीवर दूध घातलें, ते फुकट पुण्यास जाऊन येतात. बटाट्याच्या हंगामांत शेजाऱ्याचा टेंपो भाड्यानें येतो. ह्या घरास चार चाकांची गाडी घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न दर दिवाळीस निघतो. सून मारुतीच्या बाजूची, आजोबा विरुद्ध. त्यांचें म्हणणें, गाडीच्या पैशांत विहिरीवर नवी मोटर बसेल. तिचें म्हणणें, पावसाळ्याच्या रात्रीं लेकरूं तापानें फणफणलें तर विहिरीच्या मोटरीवर बसवून त्याला मंचरास नेतां येत नाहीं.